आप्पांवरच्या दोन कविता

१७ नोव्हेंबर, रविवार. कराड

कालच्या टाळ्या अजून कानात आहेत. कविसंमेलनाला हॉल भरला होता. ‘सलामी’ म्हटली. ‘गावाच्या वेशीवर थांबला ट्रक, आईच्या बांगड्यांनी दिली पहिली सलामी’ इथं आले आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. वन्स मोअर. पुन्हा म्हटली, पुन्हा पदर.

मग सूत्रसंचालक माइक घेऊन म्हणाला, शहीद पित्याच्या या कन्येला उभं राहून मानवंदना देऊ या. सगळे उठले. मी माइकपासून हातभर लांब होते. सांगता आलं असतं की बाबा रे, आमचे आप्पा रिटायर हवालदार आहेत, धडधाकट आहेत आणि आत्ता आल्याच्या रानात पाणी धरत असतील. नाही सांगितलं. सगळे उभे होते, त्यांना बसा कसं म्हणायचं?

शाल मिळाली, नारळ मिळाला. आज नारळाची चटणी केली. बरी झाली.

१९ नोव्हें.

दिवाळीची सुट्टी संपली. माझ्याआधी माझा व्हिडिओ शाळेत पोचलेला. शिंदे मॅडम स्टाफरूममध्ये माझा हात हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, कधी बोलली नाहीस गं, एवढं मोठं दुःख पोटात ठेवून पोरांना व्याकरण शिकवतेस. मी म्हटलं, मॅडम, कविता आहे ती, आप्पा बरे आहेत माझे. त्यांनी हात सोडला. “अगं, पण मी रडले होते.” दिवसभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. जसं काही मी त्यांच्या डब्यातलं खाल्लं.

आता काय आप्पांनी मरायला हवं होतं काय? लोक पण कमाल आहेत.

(नंतर) पण मॅडमना लगेच सांगता आलं. हॉलमध्ये का नाही आलं?

२४ नोव्हें., रविवार. सांगलीहून परत, गाडीत

कविता दाखवायला बाईंकडे गेले होते. विश्रामबागेतलं तेच घर, तोच पाट, तीच पेन्सिल. आप्पांनी पाठवलेलं आलं दिलं. बाई पिशवीत नाक घालून वास घेतात, मग म्हणतात, हवालदारसाहेबांना नमस्कार सांग. आप्पांना कधी भेटल्या नाहीत, पण आल्यामुळे ओळख पक्की.

ऊसवाहतुकीची कविता वाचली. मग तेच. प्रत्येक ओळीला विचारणार, “हे पाहिलंस, ऐकलंस, का वाचलंस?” आणि समासात पेन्सिलीनं पा, ऐ नाहीतर वा. वा पडलं की ओळ बाद. ऐ असेल तर कुणाकडून ऐकलंस ते सांग. आज अकरा ओळींत दोन पा. ‘ट्रॅक्टरवर गाणं लावून झोपेशी भांडणारा ड्रायव्हर’ राहिला, बाकी ‘घामाचे मोती’ वगैरे गेलं कचऱ्यात. म्हणाल्या, मोती तू पाहिलायस का कधी? मी म्हटलं, घाम तर पाहिलाय. म्हणाल्या, मग घाम लिही.

कॉलेजात असताना पहिल्यांदा गेले तेव्हा रडत बाहेर आले होते. आता राग येतो, पण जाते. बाईंनी माझ्या कवितांमधलं जेवढं काढून टाकलं तेवढं कुणी माझ्याकडून कधी घेतलं नसेल, आणि जे राहिलं ते माझंच वाटतं. हे त्यांना तोंडावर सांगणार नाही. चढून बसतील.

‘सलामी’ दाखवली नाही. पिशवीत होती. बाई पेन्सिल घेऊन काय करतील ते मला ठाऊक आहे. जी कविता उभ्या हॉलला रडवते तिच्यावर पेन्सिल कशाला?

३ डिसेंबर

फोन. विट्याच्या पुढचं एक गाव, तिथलं मंडळ. २६ जानेवारीला माजी सैनिकांचा मेळावा, त्यात ‘सलामी’ म्हणायची आणि माझा सत्कार. अध्यक्ष स्वतः बोलले. ताई ताई करत होते. म्हणाले, वडलांचा वर्दीतला फोटो पाठवा, बॅनरवर घेऊ. मी म्हटलं, अहो, त्यांचं असं आहे की. पुढं बोलू दिलंच नाही. “समजू शकतो ताई. नका बोलू. भावना आहेत.” आणि ठेवला.

परत लावायला हवा होता. नंबर होता की. फोटो तेवढा पाठवला नाही.

हरभऱ्याच्या झाडावर लोकांनी चढवलं म्हणायचं, पण खाली उतरायला मला कुणी अडवलं होतं?

१९ डिसें.

मधल्या सुट्टीत बाईंचा फोन. बाई कधी फोन करत नाहीत, पैसे पडतात असं अजून समजतात.

“रूपाली, तुझे वडील कधी गेले?”

मी डब्याचं झाकण लावलं.

“मागच्या महिन्यात त्यांनी मला आलं पाठवलं होतं.”

कार्यक्रमपत्रिका सगळ्या साहित्याच्या ग्रुपांवर फिरतेय. ‘शहीद जवानाची कन्या, सुप्रसिद्ध कवयित्री.’ खाली माझा फोटो, गुलाबी साडीतला, हसतानाचा. शहिदाची कन्या आणि दात काढून हसतेय. बाईंना म्हटलं, मी असं सांगितलं नव्हतं. बाई म्हणाल्या, असं नाही असंही सांगितलं नसशील. मग म्हणाल्या, ये, आणि ती कविता घेऊन ये. रागावल्या नव्हत्या.

२० डिसें.

व्हायचं तेच झालं. पत्रिका आप्पांच्या पलटणीच्या ग्रुपवर गेली. माझा फोटो आणि आडनाव बघून जतचा त्यांचा एक जुना जोडीदार हादरला, त्यानं घरी सांत्वनाला फोन लावला. फोन आईनं घेतला. तो म्हणाला, वहिनी, कवा झालं हे, आमाला कळवायचं तरी. आई म्हणाली, काय झालं. तो रडायला लागला. तेवढ्यात आप्पा बाहेरून आले आणि फोन घेऊन म्हणाले, “बोला, कोण गेलं?”

हे सगळं मला आप्पांनीच फोनवर सांगितलं, हसत हसत. म्हणे, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय. आई मागून एक शब्द बोलली, “घरी ये म्हणावं.”

२२ डिसें., रविवार. गाव

पुसेसावळीच्या गाडीनं आले. औंधच्या अलीकडं उतरले.

आईनं आधी यमाईला तेल-नारळ करून आणलं होतं. मला पाणी दिलं, भाकरी वाढली, मग म्हणाली, म्हण ती कविता. जेवतानाच म्हणायला लावली. बांगड्यांच्या ओळीपर्यंत आले आणि आई आपल्या हाताकडं बघायला लागली. हिरव्या बांगड्या, दिवाळीत भरलेल्या.

“माझ्या फोडल्यास व्हय गं ह्या.”

म्हटलं, आई, ती कवितेतली आई आहे. आई म्हणाली, “बाप बॉर्डरवर हुता तवा दारात जीप थांबली की माझं पाणी पाणी व्हायचं. तू मांडीवर हुतीस. ते मी कुणाला सांगितलं न्हाई कवा. आन् तू टाळ्या घितल्यास.” उठली आणि गोठ्यात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, कारण नसताना.

आप्पांनी तेवढं हसण्यावारी नेलं. कडक लिहिलंयस म्हणाले, बंदुकीच्या फैरी बरोबर हायत. मग विचारलं, हे कुणाचं बघून लिहिलंस? म्हटलं, मोबाईलवर. असले व्हिडिओ लय असतात. आप्पा मान हलवत राहिले.

“मी दोघांस्नी पोचवून आलोय. त्यांच्या घरी. पेटी घिऊन.”

माहीतच नव्हतं मला हे. एवढी वर्षं एका घरात. लगेच तोंडातून गेलं, सांगा की आप्पा, काय झालं, घरचे काय म्हणाले. आणि त्याच क्षणी मनात काय आलं ते इथं तरी खरं लिहिते. मनात आलं, हे ऐ होईल, पक्कं ऐ, बाईसुद्धा काढणार नाहीत.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “न्हाई,” म्हणाले. “ते न्हाई.”

२९ डिसें., रविवार. सांगली

बाईंनी ‘सलामी’ दोनदा वाचली. पेन्सिल उचलली. वा. वा. वा. वा. बांगड्यांच्या ओळीपाशी थांबल्या. म्हणाल्या, ही ओळ घडवलेली आहे, चांगली घडवलीस, हात बसलाय तुझा. मला बरं वाटलं. मग तिच्यापुढंही वा लिहिलं.

मी भांडले. आज पोटभर भांडले. म्हटलं, कवीनं दुसऱ्याच्या तोंडानं बोलू नये का? जात्यावरच्या बायांनी काय सगळं स्वतःचंच गायलं? सगळंच स्वतः पाहून लिहायचं तर माणसानं लिहायचं तरी केवढं? बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, दुसऱ्याच्या तोंडानं जरूर बोल. “कविता खोटी असली तर चालतं, रूपाली. खोटीवर शाल घेऊ नये.”

मी समोरचं भडंग खाल्लं. तिखट होतं म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं दाखवलं, बाईंनी मानल्यासारखं केलं.

निघताना म्हणाल्या, तुझ्या घरात एक सैनिक आहे. जिवंत. त्याच्यावर तुझी एक ओळ नाही. मेलेल्या सैनिकावर चाळीस ओळी. जा, घरी जाऊन बस दोन दिवस. लिहू नकोस. बघ.

४ जानेवारी

मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. मनात तीनदा म्हणून घेतलं आणि मग लावला. वडील जिवंत आहेत, पत्रिकेत चूक झाली, चूक माझीच, मी कराडला गप्प बसले म्हणून. ते म्हणाले, फ्लेक्स छापलेत हो. मी म्हटलं, त्याला मी काय करू, त्यांना मारू? बोलायला नको होतं. पण ते हसले आणि मी सुटले एकदाची. म्हणाले, मग असं करू, हवालदारसाहेबांनाच आणा, माजी सैनिक म्हणून त्यांचाही सत्कार घेऊ. कविता मात्र तीच म्हणा, लोक त्याच्यासाठी येणारेत.

तीच नाही म्हणणार म्हटलं. दुसरी म्हणेन. कुठली ते विचारलं. अजून लिहिलेली नाही. बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

आप्पांना फोनवर सांगितलं. सत्काराला लगेच हो. ब्लेझर वाण्याच्या दुकानाशेजारच्या इस्त्रीवाल्याकडं टाकायला निघाले सुद्धा. आईनं हळूच सांगितलं, रिटायर झाल्यापास्नं ह्यांस्नी कुणी कशाला बोलावलं न्हाई. आई माझ्याशी बोलायला लागली, हे विशेष.

१२ जाने., रविवार. गावाहून परत

काल आणि आज नुसती बघत बसले. बाईंनी सांगितलं तसं. वही बाहेर काढली नाही.

आप्पा पहाटे उठतात हे मला माहीत होतं, पण उठून काय करतात ते कधी बघितलं नव्हतं. आंघोळ करतात, दाढी करतात, मग ओसरीवर बसून काळ्या बुटांना पॉलिश करतात. पलटणीतले बूट. मन लावून. मग भिंतीशी जोडीनं ठेवतात आणि चपला घालून रानात जातात. बूट दिवसभर तिथंच. दुसऱ्या दिवशी परत पॉलिश. मी लहान असल्यापासून हे चालू असणार. मी त्या बुटांना अडखळून शाळेत गेलेय.

दुपारी एका साहेबांचा फोन आला, कुठल्या तरी कागदासाठी. आप्पा बोलताना उभे राहिले. चुलीपुढं, बनियनवर, उभे. फोन संपल्यावर थोडा वेळ तसेच.

गाडीत बसल्यावर कविता आली. आली म्हणजे काय, तिकीट काढेपर्यंत निम्मी झाली होती. कंडक्टरला दोनदा पैसे मागावे लागले.

आप्पा बूट पुसतात रोज.
ब्रश, कापड, पुन्हा ब्रश.
बुटात तोंड दिसायला लागलं
की बूट भिंतीशी ठेवतात
आणि चपला घालून रानात जातात.
आज कुणी बोलावलेलं नाही.
फोन वाजला तर
आप्पा उभे राहून बोलतात.

अजून आहे. शेवट हलतोय.

१९ जाने., रविवार. सांगली

पा. पा. पा. पा. खालपर्यंत पा.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा काढला. शेवटच्या दोन ओळी काढ म्हणाल्या, त्यात तू समजावून सांगतेयस, फोनपाशीच थांब. काढल्या. खरंच थांबली कविता, हलायची बंद झाली. बाईंनी स्वतः उठून चहा केला, आप्पांचं आलं घालून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी आधण ठेवलं त्यांनी, एरवी मीच करते. म्हणाल्या, ही तुझी.

स्टेशनवर येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते. कुणाला तरी मिठी मारावी असं वाटत होतं, पण सांगली स्टेशनवर कुणाला मारणार.

आप्पांना आधी वाचून दाखवायची का? विचारलं नाही बाईंना. मनात होतं की तिथंच ऐकू दे. सरप्राइज. किती लाडानं लिहिलीय.

२६ जाने. गावी परत आल्यावर

पहिल्यांदा आप्पांचा सत्कार. ब्लेझर, मेडलं, फेटा. स्टेजवर कडक सॅल्यूट मारला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा खाली येऊन पहिल्या रांगेत बसले, पाठ ताठ. आई शेजारी, नवं लुगडं. इतके खूश मी त्यांना माझ्या पदवीच्या वेळीही बघितलं नव्हतं.

मग मी. आधी सांगितलं, पत्रिकेत चुकीचं छापलंय, माझे वडील जिवंत आहेत, ते समोर बसलेत, ही कविता त्यांच्यावर. कुजबुज झाली. मग म्हटली. मला वाटतं चांगली म्हटली. ‘चपला घालून रानात जातात’ ला मागं कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं, आपल्या घरचं ऐकल्यावर हसतात तसं. ‘आज कुणी बोलावलेलं नाही’ ला सगळे गप्प. संपल्यावर टाळ्या तुरळक. एक म्हातारे माजी सैनिक तेवढे उठून उभे राहिले आणि टाळ्या न वाजवताच बसले. मागून कुणी ओरडलं, ताई, ‘सलामी’ म्हणा की. नाही म्हटली.

पोटात भीती नव्हती. पहिल्यांदा. हे लिहून ठेवते.

मग आप्पांकडं बघितलं. ते बुटांकडं बघत होते. आज ते बूट घातले होते. पाय मागं घेतले, खुर्चीखाली.

येताना गाडीत आई खिडकीशी, आप्पा मधे. घरी आल्यावर फेटा सोडताना एवढंच म्हणाले:

“तू बगत हुतीस व्हय?”

म्हटलं, हो. ते म्हणाले, आमाला वाटायचं कुणी बगत न्हाई.

२ फेब्रुवारी

आठवडाभर बाईंचे फोन. त्यांना पैसे पडत नाहीत बहुतेक आता. एका मासिकाच्या संपादकांना कविता वाचून दाखवलीय त्यांनी, त्यांना हवीय. मोठं मासिक. मी शाळेत असल्यापासून ज्यात छापून यावं म्हणून झुरत होते तेच. सोळा तारखेच्या रात्रीपर्यंत कळवायचं.

मी म्हटलं, बघते. बाई म्हणाल्या, बघते म्हणजे काय?

आई फोनवर म्हणाली, सकाळी ओसरीवर बसायचे, आता मोरीमागं बसतात पॉलिशला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, बोलता बोलता सांगितलं. मला मात्र ताट पुढं घेता येईना.

काय चुकलं माझं? खोटं लिहिलं तर आईच्या बांगड्या फुटल्या. खरं लिहिलं तर आप्पा मोरीमागं गेले. मग लिहायचं तरी काय, बालगीतं?

९ फेब्रु., रविवार. सांगली

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांच्याकडं याचं काहीतरी ठरलेलं उत्तर असणार, समासात लिहायचं एखादं अक्षर. बाई बराच वेळ नखानं टेबलावरचा डाग खरवडत होत्या.

म्हणाल्या, ओळ कशी घासायची ते मी शिकवलं. हे मला शिकवता येणार नाही. “माझं एक पुस्तक आहे. त्यात नदी आहे, झाडं आहेत, गेलेली माणसं आहेत. हयात माणूस एक नाही. माझी छाती झाली नाही कधी.”

एवढ्या वर्षांत मी ते पुस्तक कितीदा वाचलंय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाईंचा राग आला, की मग मला का पाठवलंत घरी बघायला. तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, कारण तुझी होईल असं वाटलं. आणि झाली. कविता चांगली आहे रूपाली, त्याला आता इलाज नाही.

छापायची की नाही हे त्या सांगणार नाहीत. हवालदारसाहेबांना विचार म्हणाल्या. ते नाही म्हणाले तर, विचारलं. तर तुला कळेल तू कोण आहेस, म्हणाल्या. हे काय उत्तर झालं? पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून पुढं भांडले नाही. पायांना हात लावला आणि निघाले. असं मी कधी करत नाही. त्याही दचकल्या.

१६ फेब्रु., रविवार. गाव

आज शेवटची तारीख.

आलं काढणी चाललीय. आप्पा ओसरीवर आल्याची माती झाडत बसले होते, मी शेजारी बसून झाडायला लागले. चार-पाच गड्डे झाडून झाले. मग एका दमात सगळं सांगितलं. मासिक मोठं आहे, बाई म्हणतात कविता चांगली आहे, मलाही चांगली वाटते, मी थट्टा केली नव्हती आप्पा, मला तुम्ही तसेच आवडता, बूट पुसताना लय आवडता.

आप्पा म्हणाले, ठाऊक हाय. थट्टा न्हाई ती. थट्टा असती तर बरं हुतं, थट्टेला माणूस उत्तर देतंय. एक गड्डा हातात फिरवत राहिले. मग विचारलं, छापायला दोन्हीतली कुठलीबी देता येती का? म्हटलं, म्हणजे?

“मग पयली दे. त्यात मी मेलोय. मेलेल्याला कोण काय इचारत न्हाई.”

रागानं नाही म्हणाले. माझं भलं व्हावं आणि त्यांची सुटका पण व्हावी, असा त्यांनी मार्ग काढला होता. मी म्हटलं, आप्पा, पहिली खोटी आहे. ते म्हणाले, व्हय, पर लोक उभं राहिलं हुतं न्हवं?

आईनं आतून चहाला हाक मारली. आप्पा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, हाताला माती होती, आणि आत गेले.

बाईंचा फोन दोनदा येऊन गेला. संपादकांना रात्रीपर्यंत कळवायचंय. दोन्ही कविता समोर आहेत.